रंगूनचं लाकूड

देवासाठी चंदन उगाळायला घेतलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

बॉम्ब पडू लागले तसे आम्ही रंगून सोडून वडिलांच्या गावी, औंढ्याला आलो. माझा जन्मच ब्रह्मदेशातला. तिथल्या पोरींसारखं मीही एक सुवासिक लाकूड उगाळून गालांना लावायचे. आईनं त्याचा एकच तुकडा पदरात बांधून आणला होता.

पहिल्याच सकाळी चुलतीनं माझे गाल राखेनं खसाखसा घासले. “हितं असली सोंगं चालायची न्हाईत!” म्हणत तिनं लाकूड चुलीत सारलं. तिच्या देवाच्या कपाळाला रोज उगाळलेलं लाकूड चालायचं, माझ्या गालांना नाही!

घरभर वास पसरला, तशी चुलतीच आईला म्हणाली, “लय ग्वाड वास हाय गं! आनखी हाय का?”