बेलफास्टमधली मंगलाष्टकं

बेलफास्टला उतरले तेव्हा पर्समध्ये मी स्वतः रचलेली मंगलाष्टकं होती. मिरजेत सांगून आले होते, ‘सायलीला भेटायला चाललेय.’ लेकीचं लग्न आहे आणि तेही रूथ नावाच्या मुलीशी, हे माझ्या थोरल्या नणंदेलाही ठाऊक नव्हतं. ज्या वन्संनी सायलीला अंगाखांद्यावर खेळवलं, त्यांच्यापासूनच लपवलं. मंगलाष्टकांत मात्र रीतीप्रमाणे सगळ्या नातलगांची नावं गुंफली होती. न विचारता त्यांचे आशीर्वाद परस्पर उचलले होते म्हणा ना!

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या कचेरीत रजिस्ट्रारनी (लग्न लावणाऱ्या सरकारी बाईंनी) पहिल्या कडव्याचा अर्थ ऐकला आणि हळूच नकारार्थी मान हलवली. सरकारी लग्नात देवाचं नाव चालत नाही.

“आई, गणपती कट करावा लागेल. रूल सगळ्यांना सेम आहे,” सायली म्हणाली.

“गणपतीशिवाय मंगलाष्टकं? उद्या बिनमिठाची आमटी करा म्हणतील!” मी फणकारले.

सोबत रूथच्या मावशी होत्या, मार्गारेट. सत्तरीच्या, गुडघ्यांनी अधू. त्यांनी आम्हाला घरी नेऊन ‘वी’ (इवलासा, इथे सगळंच वी) कप चहा आणि लोणी माखलेला सोडा ब्रेड दिला. इवलासा कप आपल्या तांब्याएवढा होता. खिडकीतून ओला, हिरवा डोंगर दिसत होता.

बाईला बाईशी लग्न करू देणारा कायदा इंग्लंडात झाला तरी इथे उत्तर आयर्लंडमध्ये होईना, तेव्हा मार्गारेट आणि त्यांची जोडीदारीण अ‍ॅन फलक घेऊन वर्षानुवर्षं रस्त्यावर उभ्या राहिल्या. चर्चमधल्या ओळखीच्यांनी तोंडं फिरवली. कायदा झाला, पण त्याआधीच्याच हिवाळ्यात अ‍ॅन गेली.

“या मुलींचं लग्न बघून वाईट नाही वाटत?” मी सायलीकरवी विचारलं.

“छे! अ‍ॅन तर नाचली असती,” त्या म्हणाल्या. मग कप खाली ठेवला. “तिच्या अंत्यविधीत घरच्यांनी माझी ओळख ‘शेजारीण’ अशी करून दिली. ते लागलं.”

मिरजेत मीही हेच सांगत होते, ‘सायली मैत्रिणीबरोबर राहते.’

तिथेच टेबलावर पहिलं कडवं खोडलं आणि त्या जागी अ‍ॅनचं नाव घातलं. गणपती रागावणार नाही, याची मला खात्री होती. लग्नात माझा सूर दोनदा चिरकला, पण ‘सावधान’ला रजिस्ट्रारबाईंनीही अक्षता टाकल्या. मार्गारेटचे हात धरून मी मराठीतच म्हटलं, “तुमचे उपकार आहेत.” भाषांतराची गरज पडली नाही.

मिरजेला परतले त्याच दुपारी वन्सं डबा घेऊन आल्या. “काय म्हणतेय पोर?”

“लग्न झालं तिचं. रूथशी. मुलगी आहे.” एका दमात सांगून, लग्नाचा व्हिडिओ लावून फोन त्यांच्या हातात दिला.

चौथ्या कडव्यात त्यांचं नाव आलं. वन्सं उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्या मागच्या दारानं निघून जातील, असंच मला वाटलं. पण आल्या त्या मुठीत कुंकू लावलेले तांदूळ घेऊन.

“मला हे पटलंय असं समजू नकोस,” त्या म्हणाल्या. “पण नाव माझं घातलंयस, तर अक्षता माझ्या हातच्या पडायला हव्यात. लाव परत.”