सायबण्णाची हलगी

आता जत्रेत नंदीकोल ट्रॅक्टरला बांधून फिरवतात. त्याला कुणी नाच म्हणालं की माझं डोकं फिरतं. निजामाच्या राजात आमच्या निंबर्ग्यात ती घुंगरांची उंच काठी कमरेच्या पट्ट्यात रोवून माझे गुरलिंगप्पा मामा नाचायचे. पाऊल हलगीच्या ठोक्यावरच पडायला पाहिजे. ठोका सोडून पडलं तर गावाला ते साल वाईट जातं, असं मानायचे. मामा नाचायला लागले की काठीच्या टोकावरचा पितळी नंदीही डुलायलाय असं वाटायचं.

पुढं मामांचे कान गेले. घरात हाक मारली तरी वळायचे न्हाईत. जत्रेत मात्र पाऊल ठोक्यावरच. लोक म्हणायचे, नंदीच त्यांना ऐकवतो. चन्नव्वा मामी तेवढी गप्प बसायची. हलगीवाला सायबण्णा मामांच्या पुढं उलटा चालायचा, नजर त्यांच्या पायांवर. पाऊल पडलं की ठोका. मामांना कळू नये म्हणून त्यानं आणि मामीनं कधी तोंड उघडलं न्हाई.

सायबण्णा वारला. पुढच्या जत्रेला नवा हलगीवाला आला. हात चांगला होता त्याचा. मामांनी पट्टा बांधला, काठी घेतली, थोडा वेळ त्याच्याकडं बघितलं आणि काठी पुतण्याच्या हातात दिली.

"कामून?" मामीनं खुणेनं विचारलं.

"ह्यो लोकांकडं बघून वाजवायलाय," मामा म्हणाले. "माझ्या पायाकडं आता कोण बघावं?"