थेमेलिनाबरोबर पाठवलेली पुडकी

आमच्या गावात बंदरापासून वरच्या आळीपर्यंत पायऱ्याच पायऱ्या. गाडी चढत नाही, त्यामुळे गॅसच्या टाकीपासून नवरीपर्यंत सगळं साकेलारीसच्या खेचरावरून जायचं. माणूस बोलघेवडा. दार दिसलं की थांबायचा, आणि त्याच्या आधी खेचर थांबायचं. "हे माझ्याहून भोचक आहे," म्हणायचा. कुणाच्या दारावरून न थांबता जाणं म्हणजे आमच्याकडे तोंडावर थुंकल्यासारखंच.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या बायकोचं, थेमेलिनाचं, हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टरीण म्हणाली, "वादळ येतंय. त्याआधीच्या बोटीने रोड्स बेटावरच्या मोठ्या दवाखान्यात पोचायलाच हवं."

थेमेलिनाने चर्चला जायचा निळा पोशाख घातला, ओठ रंगवले आणि नवऱ्याला शपथ घातली. "कुणाला सांगायचं नाही. आजारी म्हटलं की या बाया मी जिवंत असतानाच ऊर बडवायला बसतील. लेकीकडे चाललेय म्हणायचं."

आणि गावातलं कुणी रोड्सला निघालं की तिथे शिकणाऱ्या, राबणाऱ्या आपापल्या पोरांसाठी त्याच्याबरोबर पुडकं द्यायचं, ही आमची रीत.

साकेलारीस तिला खेचरावर बसवून बंदराकडे निघाला. पहिल्याच दारात कालोतिना आडवी आली. "अगं बाई, नटून कुठं? दुसरा नवरा बघायला?"

"पहिला टिकतोय कुठं!" थेमेलिना हसली.

"थांब, आमच्या पोरासाठी चीज देते. गुंडाळायचंच बाकी आहे."

"बोट चुकेल," साकेलारीस म्हणाला.

"चुकली तर परवाची आहे! तुझी काय नोकरी बुडतेय?"

पुढच्या दारात सुकी अंजिरं, त्यापुढे ऑलिव्हची बरणी. प्रत्येक ठिकाणी थेमेलिना हसून हात पुढे करायची. साकेलारीस लगाम ओढायचा, पण शपथेपुढे त्याची जीभ उचलेना. शेवटचं दार माझ्या कॉफीच्या दुकानाचं. मीही बहिणीसाठी पाव दिला, वर थट्टा केली, "आज गप्प कसा रे? मांजरानं जीभ पळवली का?"

तेवढ्यात भोंगा झाला. आमच्या धक्क्यावर बोट श्वास घेण्यापुरती थांबते. ती दोघं पोचली तेव्हा दोर सुटले होते. साकेलारीस धक्क्याच्या टोकापर्यंत ओरडत धावला. इतका ओरडतोय कशाला, असं म्हणून आम्ही हसलो.

दुपारी वारा सुटला. बोटी बंद झाल्या, हेलिकॉप्टरही उडेना. वारा पडायच्या आत थेमेलिना गेली.

बाया धावत आल्या. तिच्या घरी टेबलावर आपापली पुडकी तशीच बांधलेली पाहून कालोतिना साकेलारीसच्या अंगावर ओरडली. "मेल्या, एक शब्द बोलायचास ना! आम्ही तिला खांद्यावर घेऊन धावलो असतो!"

खरंच धावलो असतो. म्हणून तर जास्त जळतं.

माती दिल्यावर साकेलारीस पुडकी परत करायला निघाला. खेचर न घेता, पायी. सगळ्यांनी सांगितलं, राहू दे, टाकून दे. त्याने ऐकलं नाही. माझा पाव दगड झाला होता. तो त्याने दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि वरच्या प्रत्येक दारात म्हणाला होता तेच म्हणाला, "जरा वाट सोडा. माझी बायको आजारी आहे. बोट गाठायचीय."