टाचणी मावशी आणि माझा जळफळाट

शेजारणीच्या दागिन्यांचा मी कधी हेवा केला नाही, बहिणीच्या चार खोल्यांचाही नाही. पण गल्लीच्या टोकाला जिन्याखाली शिलाई मशीन घेऊन बसणारी, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली ती म्हातारी दिसली की माझ्या पोटात दुखायला लागतं.

सगळ्या तिला टाचणी मावशी म्हणतात. शाळेच्या गणवेशांचं काम तिच्याकडे. मुलगी स्टुलावर उभी राहिली की मावशी पाच-सहा टाचण्या ओठांत धरते आणि खाली बसून स्कर्टची पट्टी दुमडत जाते. टाचण्या धरलेल्या तोंडाने बोलणार काय, कपाळ! नुसतं "हं, हं". पण समोरची पोर भडाभडा बोलत सुटते. दुसरे शिंपी छातीचं माप चार लोकांत ओरडून सांगतात. ही मुकाट्याने वहीत लिहिते. शेवटची टाचणी कापडात गेली की मगच एखादं वाक्य.

"पोक काढून चालू नकोस गं. कपडा मी सैल करते, तू ताठ राहा."

किंवा, "दुखलं तर दुखतंय म्हणावं. सोसण्याचं बक्षीस कोणी देत नाही."

झालं, पोरींसाठी ती काळ्या दगडावरची रेघ. हेच मी घरी बोलले असते तर माझ्या लेकीने डोळे फिरवले असते. बारा वर्षांची आहे. मी विचारलं, शाळेत काय झालं, तर "काही नाही". आणि स्टुलावर चढली की कोण मैत्रीण रुसली, कोणत्या बाई रागावल्या, सगळं रामायण. मी बाहेर बाकावर पिशवी सांभाळत बसलेली.

एका गुरुवारी मी कामावरून आले तर ती सफरचंद खाता खाता म्हणाली, "आई, मला पाळी आली. काल. मावशींनी सगळं समजावलं."

काल! म्हणजे माझ्या घरात ही गोष्ट एक अख्खा दिवस होती आणि मला पत्ता नाही. मी औषधांच्या दुकानात कामाला. दिवसभर बायकांना पॅडची पाकिटं कागदात गुंडाळून देते. माझ्या मुलीला पहिलं पाकीट दिलं कोणी, तर टाचणी मावशीने. काय बोलायचं ते वर्षभर मनात घोकून ठेवलं होतं, ते सगळं मुसळ केरात.

दुसऱ्या दिवशी भांडायलाच गेले. निमित्त म्हणून दुकानातला पांढरा कोट नेला, बाह्या लांब होतात म्हणून. तिने मला स्टुलावर चढवलं आणि टाचण्या ओठांत धरल्या.

"मावशी, तुम्ही माझ्या मुलीला परस्पर सगळं सांगितलंत. मी मेले होते का?"

"हं."

"तिची आई मी आहे!"

"हं."

आता त्या हं-हंशी भांडायचं तरी कसं? मी बोलतच राहिले, आणि बोलता बोलता भलतीकडेच गेले. तेरा वर्षांची असताना मला वाटलं होतं की मी मरणार. दोन दिवस कपडे बादलीखाली लपवले. आईला कळलं तेव्हा तिने माझ्याकडे न बघता एक फडकं पुढे केलं आणि निघून गेली. तेव्हाच ठरवलं होतं, मला मुलगी झाली तर तिला हे मीच सांगणार, हात हातात घेऊन. नवऱ्यालाही कधी न सांगितलेलं हे मी स्टुलावर उभी राहून, नाक पुसत सांगत होते.

मावशीने शेवटची टाचणी बाहीला लावली.

"हे माझ्यापाशी सांगून काय करायचंय? घरी जाऊन तिला सांग. कोट उद्या ने."

राग आला, पण गेले. लेक गणितं सोडवत होती. शेजारी बसून तिला सगळं सांगितलं, बादलीसकट. तिची पेन्सिल थांबली. वाटलं, आता गळ्यात पडेल.

"हे तू याआधी कोणाला सांगितलंस?" तिने विचारलं.

खोटं बोलवेना. "मावशींना. आत्ताच."

तिचा चेहरा पडला. "त्यांना आधी? आणि मला नंतर?" असं म्हणून ती पाठ फिरवून बसली. फुगली ती फुगलीच.

मी तिची समजूत काढायला हवी होती. पण दोन मिनिटं मी तिच्या फुगलेल्या पाठीकडे नुसती बघत राहिले. माझी पोर त्या म्हातारीवर जळत होती, आणि तेही माझ्यासाठी.