सरदार मुलाणी आणि नवसाचा कोंबडा

आमच्या मोशीत इमारती उठल्या तरी घरात दोन-चार गावरान कोंबड्या पाळायची जुन्या माणसांची खोड काही जात नाही. त्यातली एखादी कुत्र्याच्या तोंडातून सुटून आली, की बोलावणं जातं सरदारभाऊंना. ते आमच्या गावचे मुलाणी. जत्रेतला, नवसाचा कोंबडा कापायचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराण्याकडे आहे. आता चौकात चिकनचं दुकान टाकलंय, पोट त्यावर चालतं. पण जखमी कोंबडी ते दुकानात विकायला नेत नाहीत. नुसता पाय मोडला असेल तर आइस्क्रीमची काडी लावून बांधून देतात. वाचणार नसेल तर तिथंच, मालकाच्या अंगणात, तिला सोडवतात. दिवसाला शंभर कोंबड्या कापणाऱ्याला एकीचा एवढा पुळका कशाला, असं मी एकदा खवचटपणे विचारलंही होतं.

"कापणं येगळं, तडफडत ठेवणं येगळं," एवढंच ते म्हणाले.

गेल्या महिन्यातला गुरुवार. शेजारच्या जयमालावहिनींचा कोंबडा रिव्हर्स घेणाऱ्या पाण्याच्या टँकरखाली सापडला. कोंबडा साधासुधा नव्हता. वहिनींचा मुलगा अजिंक्य नाशिक रस्त्यावर दुचाकीवरून पडला आणि अकरा दिवस आयसीयूत होता. तेव्हा वहिनी म्हसोबाला नवस बोलल्या. पोरगं उठून बसलं आणि त्यांनी हा कोंबडा देवाच्या नावानं सोडला. त्याच रविवारी तो म्हसोबाच्या दारात कापायचा होता.

गुरुवारी दुकानाला गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे सरदारभाऊ लगेच आले. कोंबडा पोत्यावर पडला होता. मांड्यांचा चेंदा झालेला, चोच उघडी. त्यांनी हलक्या बोटांनी त्याची छाती चाचपली.

"न्हाई वहिनी. हा काय वाचत न्हाई."

"वाचवू नका. रविवारपर्यंत तेवढा ठेवा."

"परवापर्यंत मरंल. पण तवर असाच."

"मग आत्ताच गाडीवर घालून म्हसोबाला नेऊ."

"पाच किलोमीटर खड्डे हायेत. ह्या हाडांना हादरे देत न्यायचं? मी न्हाई नेणार."

वहिनी रडायला लागल्या. "भाऊ, देवाचा हाय तो. दारात मेला आन् माझ्या पोराला परत काय झालं म्हंजी?"

मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. पण आयसीयूच्या दाराशी अकरा दिवस मी बसलो नव्हतो, त्या बसल्या होत्या.

सरदारभाऊंनी वाटीभर पाणी मागितलं. कापण्याआधी पाणी पाजायची त्यांची रीत आहे. तोवर सुरी पाठीमागे, कोंबड्याच्या नजरेला पडायची नाही. बोट बुडवून त्यांनी चोचीत थेंब सोडला. कोंबड्यानं तो घेतला. दुसराही घेतला.

तेवढ्यात आतून, पलंगावरून, अजिंक्य बोलला. दार उघडं असल्यामुळे त्याला सगळं दिसत होतं.

"आई, कापू दे त्यांना. मी पाऊण तास पडलो होतो रस्त्यावर. लोक मोबाईल धरून उभे होते. मी पाणी मागत होतो." मग म्हणाला, "माझ्यासाठी त्याला असं ठेवू नको."

हे त्यानं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

वहिनी मग पोत्यापाशी बसल्या, कोंबड्याचे डोळे पदरानं झाकले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"करा भाऊ. देवाला काय सांगायचं ते मी सांगन."

"रविवारी मीबी येतो संगं," सरदारभाऊ म्हणाले. त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि सुरी एकदाच फिरवली. मी दुसरीकडे पाहिलं. कोंबडीच्या रश्शावर ताव मारणारा माणूस मी, लाज वाटली.

परसात शेवग्याखाली आम्ही खड्डा केला. माती लोटून झाल्यावर वहिनी हात न धुताच आत गेल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"लई तहान लागली व्हती का रं तुला?"

"व्हय," अजिंक्य म्हणाला. "लई."

सरदारभाऊंनी बाहेरून दार ओढून घेतलं आणि मला खांद्याला धरून अंगणाबाहेर काढलं.