सभेआधीची बातमी

आधी मी वार्ताहर होतो, मग जिल्हा परिषदेचा सदस्य झालो, आणि आता पुन्हा निवडणुकीला उभा होतो. यवतजवळच्या एका गावात संध्याकाळी सभा होती. माझ्या जुन्या पेपरात तालुक्याचं पान लवकर लागतं, म्हणून बातमी दुपारीच लिहून धाडली: 'सभेला ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद'. पत्रकार असताना असल्या बातम्या पाठवणाऱ्या पुढाऱ्यांना मी शिव्या घालायचो.

गावात पोचलो तर पारावर चिटपाखरू नाही. एक म्हातारे वारले होते आणि सारं गाव स्मशानात होतं. मीही गेलो. चिता पेटली, पण माझा जीव खिशातल्या फोनमध्ये. पान छपाईला सुटायच्या आत बातमी थांबवायला हवी होती, आणि मतं मागणाऱ्यानं चितेसमोरून फोन लावत उठायचं कसं? मी नुसता चुळबुळत राहिलो, सारखा घाम पुसत.

वारलेल्यांचे भाऊ, आप्पा, जवळ आले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लई जिवाला लावून घेतलं बगा तुम्ही. बाकीचे निस्तं तोंड दाखवून जात्यात."

सकाळी त्यांच्या दारात तोच पेपर पडणार होता. वार्ताहर असताना मीच तो त्यांच्याकडे लावून दिला होता.