ढिगातली सीडी

सीडी न लावताच ती वाईट आहे असं सांगणाऱ्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

मी मोरवा गावचा, चौथी शिकलेला. बाप मिठागरावर राबला. मी फोर्टातल्या एका पियानोच्या दुकानात चाळीस वर्षं पियानो सुरात लावले. इंग्रजी वाचता येत नाही, पण सूर केसभर उतरला तरी माझा कान दुखतो. काशीमीऱ्याला एका बंद पडलेल्या हॉटेलचं सामान विकायला काढलं होतं. तिथल्या ढिगातून सूनबाईने माझ्यासाठी ही सीडी आणली. एका बाजूला एकटा पियानो आणि दुसऱ्या बाजूला साठ-सत्तर वाजवणारे, अशा कॉन्चर्टोंची. रोमँटिक काळातले, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचे, असं तिनेच वाचून सांगितलं.

आमच्या बिल्डिंगमधले एक निवृत्त साहेब दर रविवारी सोसायटीच्या ऑफिसात असलं संगीत ऐकवतात. मोठ्या हौसेने सीडी घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून कव्हर उलटंपालटं करून वाचलं आणि चारचौघांत हसले.

"काका, हा वाजवणारा कोण, देव जाणे. ऑर्केस्ट्रा पण कुठला तरी. बजेट माल आहे हो हा."

"लावून तर बघा."

"वेळ कशाला फुकट घालवायचा?"

फुकट! कव्हर वाचून पियानो कळत असता तर दुकानाने मला चाळीस वर्षं पगार कशाला दिला असता?

घरी येऊन सीडी तीनदा ऐकली, कागद-पेन्सिल घेऊन. साहेबांच्या तोंडावर मारायला निकाल हवा होता. लिहिलं: व्हायोलिनं पातळ, कमी माणसांत भागवलंय. एक फुंकणारा सुरावरून घसरला. पियानो चांगला, खर्ज भरदार. संथ भागात वरच्या एका स्वराच्या तीन तारांपैकी एक उतरलेली, म्हणून तो स्वर थरथरतो. तरी वाजवणाऱ्याने हात आखडला नाही.

बायको शेजारी कोलंबी सोलत होती. म्हणाली, "अवो, तार ऐकली, कोन घसरला ते ऐकलं. बाजा कवा ऐकनार? का त्यो ऐकायचाच न्हाय?"

राग आला, कारण खरं होतं. कार्यक्रमाआधी हॉलवर जाऊन तारा जुळवून झाल्या की आम्ही मागच्या दाराने बाहेर पडायचो, मग लोक पुढच्या दाराने आत यायचे. अख्खा कॉन्चर्टो मी जन्मात ऐकला नव्हता, आणि हे कुणाला सांगितलंही नव्हतं.

पुढच्या रविवारी कागद घरीच ठेवला आणि नुसती सीडी घेऊन ऑफिसात गेलो.

"साहेब, यात एक तार उतरलेली आहे. कुठे, ते सांगा. नाही सांगता आलं तर परत बजेट माल म्हणायचं नाही."

इरेला पेटून त्यांनी लावली. संथ भाग आला तसं कुणी खुर्चीसुद्धा हलवेना. पियानो एकटाच हळू बोलत होता आणि ती व्हायोलिनं, पातळ का असेनात, त्याला हाताला धरून नेत होती.

संपल्यावर साहेब म्हणाले, "नाही सापडली. कुठे होती, काका?"

माझ्याही कानांवरून ती तशीच निघून गेली होती. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"बरी आहे तशी," म्हणत त्यांनी सीडी कव्हरात घातली.

बरी! मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि परत मशीनमध्ये सरकवली.

"बसा खाली," म्हटलं. "मी पहिल्यांदाच ऐकतोय."